फक्त आकडे

आधी दोन गोष्टी सांगतो. दोन्ही खऱ्या आहेत.

१३ एप्रिल १९६३, शनिवार. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी माझी मोठी बहीण राहेल दौंडला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात वारली. दाखल्यावर ही वेळ आहे.

त्याच दिवशी सकाळी अकरा दहापासून दुपारी एक वीसपर्यंत ती शिरूरच्या चर्चमध्ये माझ्यापासून दहा-बारा पावलांवर उभी होती. याला कागद नाही. मी आहे, आणि तिचा नवरा येशुदास होता.

शिरूरहून दौंडला एसटीने तेव्हा दोन तासांच्या वर लागायचे.

मी त्या काळी पुण्याच्या एका दैनिकाचा शिरूरचा बातमीदार होतो. नाव आणि वेळ चुकली की संपादक सोलून काढायचे. म्हणून दोन्ही जागच्या जागी लिहून ठेवायची सवय लागली होती. त्या दिवसाची वही माझ्याकडे आहे. तिच्यात माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : '११.१० अक्का आली.'

ही ओळ खोटी ठरावी म्हणून मी बरेच प्रयत्न केले. ठरली नाही.

येशुदास दौंडला रेल्वेच्या तारखात्यात होता. बोलायला तुटक, हाताने फार हुशार. त्या वर्षी ईस्टरसाठी त्याने आमच्या शिरूरच्या चर्चचा लाउडस्पीकर घरीच बांधला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा डबा, वर बल्बसारखे काचेचे उघडे व्हॉल्व्ह, आणि दोन चॅनेल. म्हणजे दोन माइकच्या आवाजाला आत दोन वेगळे रस्ते. एक पाळकसाहेबांसाठी, दुसरा गाणाऱ्या मंडळींसाठी. गाणाऱ्यांत पुढे राहेल असायची. खरं सांगायचं तर दुसरं चॅनेल तिच्यासाठीच होतं.

डबा बांधताना ती रोज संध्याकाळी त्याच्या समोर बसून आकडे म्हणायची. एक ते दहा. त्यानं माइक पारखायचा, तिनं मोजायचं. दहा झाले की स्वतःच पुढे जोडायची, "अकरा, आमचा डबा बकरा." तो चिडायचा. ती पुन्हा म्हणायची.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत नेमकं दुसरं चॅनेल मधेच खरखरलं आणि मुकं झालं. बाहेर पडताना एक वडीलधारे येशुदासला म्हणाले, "काय रे, तुझ्या डब्यानं बी आज उपास धरला काय?" सगळे हसले. येशुदास हसला नाही.

रविवारी सकाळी ईस्टर. मध्ये एकच दिवस.

शनिवारी नऊ वाजता त्यानं डबा उघडला. मी शेवटच्या बाकावर बसून गावसभेची बातमी लिहीत होतो. ती दोनच्या पुण्याच्या गाडीत घालायची होती. राहेल शुक्रवारीच दौंडला परतली होती, घरचं आवरून दुपारच्या गाडीनं येणार होती.

अशा डब्यातून एक बारीक गुणगुण सारखी चालू असते. कोणी बोलो न बोलो. येशुदास म्हणायचा, "त्यो डब्याचा श्वास. गुणगुण हाय तवर डबा जिता."

साडेदहापर्यंत त्यानं व्हॉल्व्हचे पाय घासले, दोन ठिकाणी कथलाचे नवे डाग दिले. मला माइकपुढे उभं केलं. मी आकडे म्हटले. भोंग्यातून माझा आवाज खणखणीत आला.

"लागलं की, दाजी."

"तुझा आवाज रेड्याचा. उद्या गाणार ती. बाईच्या आवाजावर बघितल्याबिगर मी न्हाई म्हणत."

मी बाकावर जाऊन लिहायला लागलो.

थोड्या वेळानं वर बघितलं…

राहेल बाजूच्या दारापाशी उभी होती.

ते दार फरशीला घासायचं. उघडलं की कंपाउंडभर कळायचं. त्या दिवशी मला कळलं नाही. मी घड्याळ बघितलं आणि वहीत ती ओळ लिहिली. तिची गाडी यायला अजून वेळ होता, म्हणूनच लिहिली.

"लवकर आलीस?" येशुदास म्हणाला. डोकं डब्यात.

"व्हय."

"कुठल्या गाडीनं?"



तिच्या हातात पिशवी नव्हती. पायात चपला नव्हत्या. उजवा पाय तिनं नीट टेकला नव्हता, बोटं वर धरली होती. एप्रिलचं ऊन, मला वाटलं पाय पोळला असेल.

"अक्का, पाणी घे," मी म्हणालो. तिनं नको म्हणून मान हलवली. मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, ऐका ना. सकाळी…"

"ते मागनं. आधी माइकफुडं उभी ऱ्हा. आकडे म्हण."

ती उभी राहिली.

"एक. दोन. तीन."

मला तिचा आवाज ऐकू येत होता. माझ्या कानांना. भोंग्यातून मात्र काहीच आलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं…

गुणगुण थांबली होती.

चॅनेल बिघडलं की आवाज येत नाही, खरखर येते, पण गुणगुण राहते. ती पूर्ण गेली होती. व्हॉल्व्ह लाल दिसत होते. भिंतीवरचा दिवा जळत होता. डबा चालू होता, आणि त्याच्यातून एखाद्या विहिरीसारखी शांतता येत होती.

"थांब," येशुदास म्हणाला.

ती थांबली. गुणगुण परत आली.

तो स्वतः माइकपुढे गेला. "एक दोन तीन." भोंगा दणाणला. तो बाजूला झाला, तिला म्हणायला लावलं. पुन्हा सगळं गेलं.

आता त्याची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे झालं.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. या चॅनेलचा व्हॉल्व्ह काढून त्या चॅनेलला लावायचा. दोष व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला, तर व्हॉल्व्ह वाईट. जागेवरच राहिला, तर आतली जोडणी वाईट. मग पुढचा भाग. असं एकेक. त्या वेळात माइकपुढचा माणूस तोच हवा, अंतर तेच हवं, आणि शब्दही तेच हवेत.

त्यानं व्हॉल्व्ह अदलाबदल केले.

"म्हण."

"अहो, सकाळी सरपन काढताना…"

"राहेल." तो चिडला नव्हता. समजावून सांगत होता. "शब्द बदलला की आवाज बदलतो. मग दोष कुठं हाय ते मला कळायचं कसं? फक्त आकडे म्हण."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणायला लागली.

"एक. दोन. तीन. चार."

भोंगा गप्प. आता दोष व्हॉल्व्हबरोबर गेला नव्हता आणि जागेवरही राहिला नव्हता. तिला पाळकसाहेबांच्या माइकपुढे उभं केलं तर पहिलं चॅनेलही मुकं व्हायचं. ती थांबली की दोन्ही जिवंत.

"दाजी, दुसऱ्या कुणा बाईला बोलवू का?" मी विचारलं.

"एका वेळी एकच गोष्ट," तो म्हणाला. "माणूस बदललं तर समदं पहिल्यापासनं."

तिनं दहापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. एकदाही अकरा म्हणाली नाही.

बाराच्या सुमाराला तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. नीट बघता यावं म्हणून ती हनुवटी वर करून बघत होती. येशुदासनं एकदा वर बघितलं.

"झोप आली व्हय? उभ्या उभ्या?"

"पायाला…" ती म्हणाली.

"दोन मिंटं. सापडत आलाय. म्हण."

"एक. दोन."

साडेबारानंतर तिचे शब्द जड झाले. तीन म्हणताना जीभ वळत नव्हती. एक हात पोटावर दाबून धरला होता. मी लिहिता लिहिता थांबलो.

"दाजी, तिला बसू द्या की."

"बसली की माइकचं अंतर बदलतं. पाचच मिंटं, विल्यम."

मला दोनची गाडी गाठायची होती. शेवटचा परिच्छेद राहिला होता. मी तो लिहायला घेतला.

त्या परिच्छेदात काय होतं ते आज आठवत नाही. कुणाला तरी उपसरपंच निवडलं होतं.

"हा बघ," येशुदासचा आवाज आला. "कोरडा डाग. वरनं पक्का दिसतो, आतनं सुटलेला. म्हण राहेल, चालू ठेव."

"एक… दोन… तीन… चार…"

मी मान खाली घालून लिहीत होतो.

"पाच… सहा… सात…"

"थांब. पुरे." त्यानं तापलेली कांडी डागावर टेकवली. चर्र आवाज झाला.

आणि गुणगुण परत आली. दोन्ही भोंग्यांतून, भरभरून.

"लागलं!" तो म्हणाला. इतक्या तासांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू दिसलं. "राहेल, आता म्हण."

माइकपुढे कोणी नव्हतं.

मी घड्याळ बघितलं, गाडीसाठी. एक वाजून वीस मिनिटं.

"गेली असंल पाळकसाहेबांच्या घरी. कटाळली," येशुदास म्हणाला आणि डब्याचे स्क्रू आवळायला लागला. मी बातमी घेऊन स्टँडवर पळालो.

अडीचला परत आलो, तर चर्चच्या पायरीवर तारवाला उभा होता. तार येशुदासच्या नावाची. दौंडला ११.४० ला दिलेली. 'राहेल सीरियस. ताबडतोब निघा.' पाठवणारी शेजारीण, सिंधूबाई.

येशुदासनं ती दोनदा वाचली आणि हसला.

"तारखात्यात जन्म गेला, आन् मलाच चुकीची तार. ती तर हितं हाय."

"मग सही करा आन् ठेवा जपून," तारवाला म्हणाला. "मला अजून चार वाटायच्यात."

आम्ही पाळकसाहेबांच्या घरी गेलो. राहेल तिथे नव्हती. आलीच नव्हती.

फाटकाशी मल्हारी बसला होता. चर्चची राखण तो करायचा.

"राहेलबाई? न्हाई बा. म्या सकाळधरनं हितंच हाय."

"बाजूच्या दारानं आली ती," मी म्हणालो.

"त्या दाराला शुक्रवारपासनं कुलूप हाय, साहेब." त्यानं कमरेची किल्ली दाखवली. "तुमी दोघं आत बोलत व्हता तेवढं आयकलं. म्हण, थांब, म्हण, थांब. म्या म्हणलं, कुनाला म्हणत्यात म्हण म्हण?"

"तिनं मोजलेलं ऐकू आलं नाही तुला?"

मल्हारीनं माझ्याकडे बघितलं, मग येशुदासकडे.

"न्हाई."

पुढची दौंडची गाडी साडेतीनला होती. सगळ्या रस्त्यानं येशुदास एकच वाक्य बोलला. "डाग लागल्यावर तरी म्हणायला पायजे होतं तिनं." तार त्याच्या हातातच होती, घामानं तिची शाई पसरली होती.

रेल्वेच्या चाळीसमोर माणसं उभी दिसली. टोप्या काढलेली. तेव्हाच कळलं.

सिंधूबाई शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी, येशुदास आत शवपेटीपाशी बसला होता तेव्हा, तिनं मला ओट्यावर बोलावलं. आवाज बारीक केला.

"साडेधाला दारात बसल्या व्हत्या. पिशवी भरल्याली, चपला काढून ठेवल्याल्या. म्या म्हणलं, राहेलबाई, गाडी चुकंल की. तर डोळंच उघडंनात. मंग टांग्यात घालून न्हेलं. डाक्तर म्हणलं, ऊन लागलंय. पर त्यांचं त्यांनाच पटंना. सारखं इचारत व्हते. बाई, काय झालं? काय खाल्लं? काय चावलं का? येकदा न्हाई, पन्नासदा इचारलं आसंल."

ती थांबली.

"आन् ही काय म्हणायची, म्हाईत हाय का तुमाला?"

तिनं बोटांवर मोजून दाखवलं.

"एक, दोन, तीन."

…

"अकरा वाजल्यापासनं. धापतूर मोजायची. फिरून एक. मधीच म्हणायची, अहो, सकाळी… आन् गप. कुनी दटावल्यागत. डाक्तर पाया पडल्यागत म्हणले, बाई, आकडं नका म्हणू, काय झालं त्ये सांगा. तिचं आमच्याकडं ध्यानच नव्हतं. दुसऱ्याच कुनाचं तरी आयकत व्हती."

"शेवटी?"

"शेवटाला सातापतूर आली. आन् थांबली. हात वर केल्यावर ल्येकरू थांबतं ना, तशी."



तिला आंघोळ घालताना बायकांना तिच्या उजव्या पायाच्या करंगळीशेजारी दोन ठिपके दिसले. सुईनं टोचल्यासारखे. सूज नाही, रक्त नाही. सोमवारी मागच्या अंगणातलं सरपण हलवलं तेव्हा खालून मण्यार निघाली. मण्यार चावलेलं कळत नाही. उंदीर चावला असं वाटतं. मग पापण्या खाली येतात, पोटात कळ येते, जीभ जड होते.

डॉक्टरांना मी भेटलो. भला माणूस. म्हणाले, "सापाच्या विषावरची लस माझ्या कपाटात होती. तिनं नुसतं 'पायाला' म्हटलं असतं तरी मी पाय बघितला असता."

'पायाला' तिनं म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. बारा वाजता, शिरूरमध्ये.

सिंधूबाईनं सांगितलेलं मी येशुदासला कधी सांगितलं नाही. तिलाही सांगू नको म्हणालो. तिनं ते पाळलं का, मला माहीत नाही. चाळीत भिंती पातळ असतात.

त्या ईस्टरला चर्चमध्ये लाउडस्पीकर लागला नाही. पुढे कधीच लागला नाही. येशुदासनं डबा दौंडला नेला.

तो रडला नाही. राहेल शिरूरला आली होती की नव्हती, यावर तो एक शब्द बोलला नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचा, "चॅनेल खराब व्हतं." सुट्टीच्या दिवशी डबा उघडून बसायचा. शेजारपाजारच्या बायकांना बोलवायचा, आकडे म्हणायला लावायचा. सगळ्यांचा आवाज स्वच्छ यायचा. तो खाली बघून पुढचा भाग बदलायचा. पुढे पुढे बायका यायच्या बंद झाल्या.

मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. शेवटचा गेलो तो १९६७ च्या ऑगस्टमध्ये, सकाळी. खोलीत टेबलावर डबा उघडा होता. त्यातला एकही भाग आता जुना राहिला नव्हता. पत्रा तेवढा तोच.

"सापडत न्हाई, विल्यम," तो म्हणाला.

"तो कोरडा डाग होता ना?"

"त्यो पक्का व्हता. म्या उगीच तापवला." तो डब्याकडे बघत होता. "पर दोष आसणार. चांगलं चॅनेल मुकं व्हत न्हाई. कुठं तरी हायच."

मी मान हलवली. दोष सापडला नाही, तर मग दुसरं काय उरतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यापेक्षा त्यानं शोधत बसलेलं बरं, असं मला वाटायचं. अजूनही तसंच वाटतं का, सांगता येत नाही.

मग त्यानं चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"ती मधी मधी काय म्हणत व्हती रे?"

गुणगुण चालू होती. बाहेर मालगाडीचे डबे जोडत होते, एकामागून एक धक्के ऐकू येत होते.

"मला ऐकू आलं नाही, दाजी," मी म्हणालो. "पंख्याचा आवाज होता."

"पंखा," येशुदास म्हणाला.

त्या चर्चमध्ये १९६३ साली एकही पंखा नव्हता. वायरिंग त्यानंच केलं होतं.

मग त्यानं माइक माझ्यापुढे सरकवला आणि डब्यामागे वाकला. आता त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. तो आकडे म्हणायला सांगेल म्हणून मी उभा राहिलो.

"काय बी बोल," तो म्हणाला. "तुला पायजे ते. मी मधी बोलणार न्हाई."

मी माइक धरून उभा होतो. मला एक शब्द सुचला नाही.